मुद्दाम आणलेला पाव

फ्रेंच टोस्टची युरोपातली कुळकथा ठरलेली आहे. पाव काल भाजला, आज कडक झाला, फेकून देणे परवडत नाही, म्हणून दुधात भिजवून तळला. एपिशियसच्या नावावर चालणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे दुधात बुडवून, तेलात तळून, वरून मध सोडायला सांगितले आहे. चौदाव्या शतकातल्या जर्मन पाकपुस्तकात हा पदार्थ ‘गरीब सरदार’ म्हणून येतो. सरदारकी उरली, पैसा गेला, अशांच्या घरचे गोडधोड. स्पेनमध्ये तो ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत होतो, पोर्तुगालमध्ये नाताळात. इंग्लंडात रॉबर्ट मे याने १६६० साली छापलेल्या पुस्तकात ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव वापरले खरे, पण त्याचे टोस्ट वाइन, साखर आणि संत्र्याच्या रसात भिजतात. घटक बदलतात, प्रसंग बदलतो, नावे तर देशागणिक बदलतात; कायम राहतो तो घरात उरलेला पाव. आणि नेमकी हीच गोष्ट मुंबईच्या उत्तरेला, गुजरातच्या सीमेवरच्या डहाणू-तलासरीत कधी नव्हती. महामार्गावरच्या चारोटी नाक्याच्या आसपासच्या एखाद्या घरात रविवारी किंवा वाढदिवसाच्या सकाळी फ्रेंच टोस्ट होतो तो आदल्या संध्याकाळी दुकानातून मुद्दाम आणलेल्या पावाचा. युरोपात काटकसरीतून जन्मलेला पदार्थ इथे चैनीच्या दारातून आत आला. असे का झाले हे सांगायचे तर धान्य, किल्ले, जातीचे नियम, रेल्वे आणि वेठबिगार या सगळ्यांतून जावे लागते. न्याहारीच्या एका बशीसाठी ही वाट लांबची वाटेल, पण जवळची वाट चुकीच्या गावाला नेते.

आधी धान्य पाहू. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या भागाची पिके भात, नागली आणि वरी अशीच आहेत. समुद्राकाठच्या खाजणात आणि सखल जमिनीत भात, डोंगरउतारावर नागली-वरी. पाऊस भरपूर, थंडी जेमतेम. गव्हाला हवे ते हवामान इथे नाही. त्यामुळे इथे शिळे उरायचे ते भाकरी, भात किंवा पेज. त्यांचे पुनर्वसन करायच्या रीतीही होत्याच: भाकरी कुस्करायची, भाताला फोडणी द्यायची, पीठ आंबवून आंबील करायची. काटकसरीच्या कलेत हा मुलूख कुणाला हार जाणारा नव्हता. फक्त तिच्या हातात पाव पडला नाही. गंमत अशी की पाव फुगवायला लागणारी वस्तू इथे मुबलक होती. गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ आंबवायला माडाची सूर वापरली, वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) करायला आजही ताडी आठवते. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या माळापर्यंत ताडाची झाडे उभी आहेत आणि ताडी उतरवणे हा इथला जुना व्यवसाय आहे. म्हणजे पीठ फुगवणारी ताडी होती, पण फुगवायला गव्हाचे पीठ नव्हते. ती ताडी माणसांनी प्यायली आणि सरकारने तिच्यावर कर बसवला. पावाच्या इतिहासात या भागाचा वाटा तिथेच थांबला.

यावर पहिला आक्षेप येतो तो किल्ल्यांचा. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, दमण १५५९ मध्ये. मधल्या पट्ट्यात तारापूर आणि डहाणूला त्यांची ठाणी होती, आणि आजच्या महामार्गालगतच्या अशेरीगडावर त्यांचे राजचिन्ह कोरलेला दगड अजून पाहायला मिळतो. जवळजवळ दोनशे वर्षे ज्यांची सत्ता होती, आणि ज्यांच्या घरी नाताळात अंड्यात बुडवून तळलेल्या, साखर-दालचिनी भुरभुरलेल्या पावाच्या कापा होत, त्यांनी हा पदार्थ इथे रुजवला नसेल का? तर्क मोहक आहे, आणि गोव्याबद्दल कुणी तो केला तर मी अडवणार नाही. पण पदार्थ किल्ल्यात शिजला म्हणजे गावात रुजला असे होत नाही. तो रुजायला तीन गोष्टी लागतात: रोज पाव भाजणारा भट्टीवाला, रोज पाव विकत घेणारी वस्ती, आणि सत्ता गेल्यावरही टिकणारा समाज. वसईत या तिन्ही गोष्टी होत्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये वसई पडली, पण तिथला ख्रिस्ती शेतकरी तिथेच राहिला आणि आपली चर्च व आपली चव दोन्ही राखून राहिला. डहाणूच्या टापूत ठाण्यांभोवती तेवढी मोठी वस्ती नव्हती. शिबंदी गेली तशी भट्टीही गेली. उत्तरेला दमण डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच होते, आणि तिथल्या पावाचा वास सीमेपलीकडे येत असेलही. पण तलासरीच्या पाड्यांत त्याचा माग मला कुठे दिसत नाही. मधे एक कोरडे शतक गेले, आणि पुढे पाव आला तो वेगळ्याच रस्त्याने.

तो रस्ता मुंबईहून येतो. मुंबईत पाव होता, पण हिंदू घरात तो सहजासहजी शिरला नाही. वसई-गोव्याकडे विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कितपत घडल्या हा वेगळा प्रश्न, पण पावाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई हे त्यांतून स्पष्ट होते. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि रामचंद्र बाळकृष्ण जयकर यांच्या परमहंस सभेत नव्या सभासदाला दीक्षा घेताना ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची ती परीक्षा होती, आणि ती गुप्त ठेवावी लागे. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून जो गदारोळ झाला त्यात रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. बिस्किटाला एवढे, तर अंड्यात बुडवलेल्या पावाला काय म्हणाल? डहाणूच्या व्यापारी आणि जमीनदार हिंदू घरांत हा पदार्थ विसाव्या शतकाच्या बऱ्याच पुढे गेल्यावर आला असावा, आणि आला तोही बहुधा मुलांच्या हट्टाने, वेगळ्या तव्यावर. आदिवासी घरात विटाळाची ही अडचण नव्हती. तिथे अडचण पैशाची होती.

पावाशी आणि अंड्याशी एकाच वेळी मैत्री असलेला या भागातला ठळक समाज म्हणजे पारशी-इराणी. त्यांचा या भूमीशी संबंध केवळ बागायतीचा नाही. तलासरीच्या हद्दीला लागून असलेले संजाण हे पारशांच्या परंपरेत पहिल्या वसाहतीचे ठिकाण. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी काही वर्षे ज्या बाहरोटच्या गुहांत लपवला गेला असे ते मानतात, त्या डहाणू तालुक्यातल्याच डोंगरात आहेत. आणि तो अग्नी १७४२ पासून जिथे आहे ते उदवाडा इथून उत्तरेला महामार्गाच्या टप्प्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून जे जरथुष्ट्री आले त्यांच्यातल्या काहींनी मुंबईत चहाची दुकाने आणि बेकऱ्या थाटल्या. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. काहीजण डहाणू-घोलवडकडे वळले आणि बागायतदार झाले. ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला त्याच्या बागांमागे याच घरांचे मोठे श्रम आहेत. अर्थात श्रम म्हणताना मालकाचे आणि मजुराचे श्रम वेगळे मोजावे लागतात. त्याकडे पुढे येतो.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार. या घरांत पाव रोजचा होता, मग तो उरतही असणार. म्हणजे निदान इथे तरी फ्रेंच टोस्ट युरोपसारखा शिळ्या पावाचाच झाला की नाही? झाला असेल, आणि तेच माझ्या म्हणण्याला बळ देते. पारशी घरात खास दिवसाची न्याहारी कोणती हे पाहा. वाढदिवस असो, नवरोज असो, नवजोत (मुलांचा दीक्षाविधी) असो, सकाळी होतो तो रवो किंवा सेव, आणि सोबत गोड दही. तुपात परतलेला रवा, दूध, साखर, वेलची-जायफळ, वर बेदाणे आणि बदाम. सगुनाची जागा त्या बशीची आहे. मेहेरबाई वाडिया यांच्या ‘विविध वाणी’सारख्या जाड पाकग्रंथावरून दिसते की पारशी गृहिणीला विलायती पदार्थांचे वावडे नव्हते, पण विलायती गोड पदार्थाला तिने सगुनाच्या पाटावर बसवले नाही. ज्या घरात पाव रोजचा त्या घरात फ्रेंच टोस्ट मधल्या दिवसाचा राहिला. जिथे पाव विकत आणायचा तिथे तो खास दिवसाचा झाला. एकाच गावात, एकाच पदार्थाचे हे दोन दर्जे कशामुळे, तर घरात पाव उरतो की नाही यामुळे. यापेक्षा चोख पुरावा मागायचा तर प्रयोगशाळेतच मागावा लागेल.

पण मग विकत आणायचा पाव मिळू तरी कधी लागला? मुंबई-बडोदा रेल्वे १८६४ पासून डहाणूवरून धावते आहे, आणि रेल्वे आली म्हणजे पाव आला असे मानायचा मोह होतो. स्टेशनाजवळच्या दुकानापर्यंत तो आलाही असेल. पाड्यावर मात्र मऊ पाव पोचला नाही. पोचले ते टोस्ट, बटर आणि खारी, म्हणजे दोनदा भाजलेले किंवा पूर्ण वाळवलेले, दिवसेंदिवस टिकणारे, कोऱ्या चहात बुडवून खायचे प्रकार. आठवड्याच्या बाजारातून पिशवीभर न्यायचे आणि पुढच्या बाजारापर्यंत पुरवायचे. ज्या पावाला शिळेपणच नाही त्यातून फ्रेंच टोस्ट जन्माला येत नाही. मऊ, चौकोनी, कापलेला पाव हा फार पुढचा पाहुणा. १९५६ मध्ये अमेरिकेशी धान्याचा करार झाल्यावर परदेशी गहू येऊ लागला आणि रेशनच्या दुकानातून भातखाऊ किनाऱ्यावरही गव्हाचा सराव झाला. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज काढली आणि मेणकागदात गुंडाळलेली ब्रेडची लादी हळूहळू मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. अंड्याची गोष्ट त्याहून अलीकडची. पाड्यावर कोंबड्या होत्या, पण गावठी कोंबडीचे अंडे उबवायला ठेवायचे की खायचे, हा हिशेब होता; कोंबडी देवाला लागे, पाहुण्याला लागे, आणि दारात आलेल्या शिपायाला किंवा सावकारालाही द्यावी लागे. अंडे दुकानात ट्रेमधून मिळू लागले ते संकरित कोंबड्यांच्या फार्मनंतर, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाल्यावर जाहिरातींनी ते रोजच्या खाण्यात आणले. दुधाचे तर विचारूच नका. आणंदचे दूध मुंबईला न्यायची योजना १९४५ मध्ये सुरू झाली. ते जायचे याच रेल्वेमार्गाने. डहाणूच्या रुळांवरून दूध पुढे मुंबईला गेले, रुळांच्या पूर्वेकडच्या पाड्यांत चहा कोराच राहिला. सांगायचे एवढेच की पाव, अंडे, दूध आणि साखर या चार वस्तू चारोटीच्या एकाच स्वयंपाकघरात, एकाच सकाळी, हाताशी असण्याचा काळ फार तर गेल्या चार-पाच दशकांचा आहे. महामार्ग रुंदावला, चारोटीला डहाणू आणि जव्हारकडे फुटणारे रस्ते गजबजले, उदवाड्याला जाणाऱ्या पारशी भाविकांसाठी नाक्यावर न्याहारीची हॉटेले चालली, आणि दुकानांत ब्रेडची गाडी रोज थांबू लागली. पदार्थाला लागणारा माल रस्त्याने पुरवला.

आणखी एक वस्तू लागते, आणि पाकपुस्तके ती सामानाच्या यादीत लिहीत नाहीत: मोकळी सकाळ. खास न्याहारी ही घड्याळाकडे न पाहता करायची गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यानंतर, १८९० मध्ये. डहाणू-उंबरगावच्या वारली आदिवासीला ती तेव्हाही नव्हती आणि पुढे अर्धशतक नव्हती. डी. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातल्या आदिवासींवरचा अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. त्यात वेठ, कर्ज आणि लग्नापायी पत्करलेली गुलामी यांचे जे वर्णन आहे ते कुणा चळवळ्याचे नाही, साहेबाचे आहे. जमीनदाराचा निरोप आला की कुळाने स्वतःचे शेत सोडून त्याच्या कामाला जायचे, ही रीत होती. जमीनदारांत पारशी-इराणी होते, तसे हिंदू सावकार आणि मुसलमान ठेकेदारही होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, तिथून परतलेल्या वारल्यांनी २३ मे रोजी झरी गावी सभा घेतली, आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली, पण वेठ परत आली नाही. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचा आधारग्रंथ आहे. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते; १९६० च्या विभागणीत उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला.

एवढा मोठा लढा न्याहारीच्या बशीत कशाला ओढायचा, असे कुणी म्हणेल. त्यात लढ्याची अवहेलना आहे, असेही म्हणेल. मला तसे वाटत नाही. वेठ म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या हुकमावर आपली सकाळ देऊन टाकणे. ती संपली याचा अर्थ मजुरीच्या आकड्यांत शोधता येतो, तसा चुलीच्या वेळापत्रकातही शोधता येतो. अंधारात उठून पेज पिऊन निघावे लागते तिथे ‘खास न्याहारी’ ही कल्पनाच संभवत नाही. मग ती तांदळाच्या भाकरीची असो वा फ्रेंच टोस्टची. आजही वीटभट्टीवर, मच्छीमारी बोटींवर किंवा वापी-बोईसरच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या घराला ती सकाळ पुरती मिळालेली नाही, म्हणून हा पदार्थ या तालुक्यांत सगळ्यांचा झाला आहे असा दावा मी करणार नाही. तो नोकरदार घरांत आहे, शिक्षकांच्या आणि दुकानदारांच्या घरांत आहे, शिकून परतलेल्या आदिवासी तरुणांच्या घरांत आहे. वीटभट्टीवरच्या झोपडीत नाही.

आता पदार्थाकडे. मुद्दाम आणलेला असला तरी पाव आदल्या दिवशीचाच हवा, कारण रात्रभरात त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि काप दूध पिऊनही आकार धरून राहतो. ताज्या ब्रेडचा तव्यावर लगदा होतो. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या आसपास आळू लागतो, म्हणून आच मंद ठेवायची. घाई केली की वरून करपते आणि आत कच्चे दूध राहते. इथल्या घरांत व्हॅनिलापेक्षा वेलची-जायफळ जास्त चालते, आणि तेलापेक्षा तूप. दुसरी शाखा तिखटाची: कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद घातलेल्या अंड्यात बुडवलेला ब्रेड. तिसरी, अंडे न खाणाऱ्यांची, बेसनाच्या पिठातली. या तिसरीला नकली म्हणून हसायची पद्धत आहे, पण रोमन कृतीत अंडे नाही आणि रॉबर्ट मेच्याही नाही. अंड्याविना अस्सलपणा बुडतो असे म्हणणाऱ्याने आधी त्या दोघांना बाद करावे. मला स्वतःला बेसनाचा प्रकार भज्यांच्या कुळात जास्त शोभतो असे वाटते, पण ती आवडीची गोष्ट झाली, इतिहासाची नव्हे. चिकूच्या हंगामात गोड टोस्टवर पिकलेल्या चिकूच्या फोडी ठेवल्या तर साखर निम्मी करता येते, हे मात्र हॉटेलवाल्यांनी मनावर घ्यावे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात कडवा: मैद्याचा ब्रेड, साखर आणि तूप यांचे कौतुक अशा भागात कशाला, जिथे बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या संपत नाहीत आणि नागली ताटातून हटते आहे? नागलीबद्दलची काळजी रास्त आहे. पण नागलीला हटवले ते रोजच्या पॉलिश तांदळाने आणि पुड्यांतल्या खाऊने. महिन्यातून एखाद्या सकाळी होणाऱ्या टोस्टवर तो आळ घालणे अन्यायाचे आहे. शिवाय या पदार्थातले अंडे आणि दूध हे तर इथल्या मुलाला हवेच आहे. सरकारने २०१५ पासून आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना चालवली, तिच्यात अंगणवाडीतल्या मुलांना अंडी किंवा केळी द्यायचे ठरले ते याचसाठी. नागलीच्या भाकरीची जागा रोजच्या ताटात राखावी आणि सणाच्या सकाळी टोस्ट खुशाल करावा. दोन्हींत भांडण नाही.

या भागाच्या खाण्याचा इतिहास लिहिताना वारली भाकरी, वाडवळी आणि पारशी पदार्थ एवढ्यावर थांबायची सवय आहे, आणि ब्रेड परका म्हणून बाजूला ठेवला जातो. डहाणू, घोलवड आणि कासा इथल्या जुन्या बेकऱ्यांच्या वह्या, किराणा दुकानांच्या उधारीच्या चोपड्या आणि इराणी घरांतल्या हाताने लिहिलेल्या पाककृती अजून काही कपाटांत असतील. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला दाखवाव्यात. ब्रेडची पहिली लादी कोणत्या गावात, कोणत्या साली, कितीला विकली गेली, याचे उत्तर तिथेच मिळणार आहे.